भुईचक्राची सहावी पाकळी

चाकणला आमच्या कंपनीमागच्या प्लॉटवर त्या रविवारी सकाळी दहाला जेसीबी चालणार होता, आणि तिथल्या गवतात भुईचक्राचं एकच फूल उमललं होतं. गडद जांभळं, नखाएवढं. त्याचा जमिनीतला कांदा नंतर खणून नेता आला असता. पण हलवलं की हे फूल मान टाकतं. चित्र दहाच्या आत व्हायला हवं होतं.

चित्र मॅडमच्या वहीसाठी होतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी मला वनस्पतीशास्त्र शिकवलं. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं, तेव्हा वडिलांना समजवायला त्या दोनदा एसटीने घरी आल्या होत्या. आता त्या सांगवीला मुलाकडे राहतात. पडीक जागांवरच्या रानफुलांची ती वही, आणि तिच्यात हे शेवटचं चित्र.

वहीचा एक नियम होता. प्रत्येक चित्राखाली दोन सह्या: काढणाऱ्याची, आणि फुलाशी ताडून बघणाऱ्याची. दुसरी सही नेहमी मॅडमची असे. पण आता त्यांना जवळचं धूसर दिसतं. तरी त्या रविवारी त्या माझ्याबरोबर प्लॉटवर आल्या होत्या.

पहिली पंधरा मिनिटं पेन्सिल धरायची नाही, नुसतं बघायचं, हीही त्यांचीच शिस्त. पूजेला बसावं तशा त्या ओल्या गवतावर मांडी घालून बसल्या.

"घड्याळाकडे बघतेयस तू," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम," मी खोटं बोलले आणि पाचव्याच मिनिटाला पेन्सिल उचलली.

पावणेदहाला चित्र झालं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, पुस्तकात असतात तसे. जेसीबी फाटकातून आत येऊन घरघरत उभा राहिला होता.

"ओ ताई, आवरा की! ठेकेदार माझ्या नावानं बोंबलतोय," ड्रायव्हर वरून ओरडला.

मी वही मॅडमपुढे धरली. "सही करा ना मॅडम. मी नीट काढलंय."

"मला दिसत नाही गं. न बघता सही कशी करू?" त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "दादा, जरा खाली येता का? एक फूल मोजायचंय."

"फूल मोजायचंय? काय राव!" हसत तो उतरला, गुडघ्यांवर बसला आणि मॅडमनी दिलेलं भिंग त्याने डोळ्याला लावलं. ओठांत पुटपुटत पाकळ्या मोजू लागला.

"पाच हायत."

"सहा," मी म्हणाले.

"आवो, पाचच हायत. मधले दांडेबी पाचच."

"एक गळाली असेल."

"गळाल्याची खूण दिसते का बघा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"न्हाई. समदं गोल भरलंय."

मी भिंग घेतलं. पाचच होत्या. माझे कान तापले. कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे ड्रॉइंग बरोबर असतं आणि न जुळणारा पार्ट बाद होतो. तीच सवय मी इथे फुलाला लावली होती.

"खोडू?" मी विचारलं.

"आधी बघ," मॅडम म्हणाल्या.

ठेकेदाराचा फोन ड्रायव्हरच्या खिशात वाजत होता. त्याने तो काढून बघितला, परत ठेवला आणि जाऊन इंजिन बंद केलं. मी पेन्सिल खाली ठेवली. दहा वाजून गेले. त्या शांततेत मी पहिल्यांदा ते फूल बघितलं.

मग मी नवं पान उघडलं. तिथल्या पाच पाकळ्यांच्या चित्राखाली दुसरी सही ड्रायव्हरची आहे.