कावळ्याला दिलेला शब्द

साखर कारखान्यात माणसं दोन प्रकारची. कायम आणि हंगामी. कायम माणसाला बारा महिने पगार, हंगामी माणूस उसाचं गळीत संपलं की घरी. कायम माणूस वारला तर त्याच्या घरातल्या एकाला कामावर घेतात. हंगामी वारला तर हार पाठवतात. मी उसाच्या काट्यावर क्लार्क होतो, त्यामुळे वजनातला फरक मला कळायचा.

आमचा कामगार पुढारीसुद्धा मुळात हंगामीच. त्याने दोन हंगाम कारखान्यात काम केलं, तिसऱ्या हंगामात गेटवर सभा घेतली आणि तिथून पुढे त्याचा घाम फक्त भाषणातच आला. मागणी एकच, हंगामींना कायम करा. नव्वदच्या दशकात ती इतकी वर्षं चालली की कामगार तसेच राहिले आणि मागणी कायम झाली. "आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला ताऱ्यांचा आवाज ऐकू येतो, पण कारखान्याला कामगाराचा येत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. टाळ्याही ठरलेल्या.

आमच्या जुन्नर-आंबेगावात पुढारी मोठा होतो तो दशक्रियेला. नदीकाठी पिंडाचा विधी चाललेला असतो आणि मांडवात श्रद्धांजलीची भाषणं. सुरुवातीला आमच्या पुढाऱ्याला माईक मिळायचा तो लोक चपला शोधायला उठल्यावर. पंचायत समितीवर निवडून आल्यावर तो प्रवचनाच्या आधी बोलू लागला. विधानसभेच्या तिकिटाची हवा सुरू झाली, तेव्हा एका सकाळी तीन-तीन दशक्रिया उरकायचा. एकदा गडबडीत मृतात्म्याला 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' देऊन मोकळा झाला.

त्याच सुमारास गव्हाणीवर, म्हणजे गाळपाचा ऊस टाकतात तिथे, काम करणारा आमचा एक सोबती वारला. उमेदीची सारी वर्षं हंगामी म्हणून गेली. मागे बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. बाईला कारखान्यात काम मिळालं तरच घर चालणार, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले. भावाने हात जोडून सांगितलं, "मुलींचं शिक्षण करीन." कावळा हलेना. मेव्हणा म्हणाला, "बहिणीला अंतर देणार नाय." तरीही नाही. ऊन चढलं. पुढाऱ्याला अजून पुढच्या गावी एक दशक्रिया गाठायची होती. तो घड्याळ बघत होता.

मागून एक म्हातारा बोलला, "आरं, त्याचा जीव कायम व्हण्यात अडकलाय. भाऊ, तुमीच बोला!"

पुढाऱ्याने माईक घेतला. "मित्रा, वहिनींना मी कामावर घेईन. आणि कायम करीन!"

शब्द संपतोय तोच कावळा खाली उतरला. लोकांनी हात जोडले. पुढारी इतका खूश झाला की पुढचा महिनाभर घाटाघाटावर हीच गोष्ट सांगत होता. निवडणुकीत मतं कावळ्याने फिरवली असं मी म्हणणार नाही, मोजायला साधन नाही. पण तो आमदार झाला.

बाईला काम मिळालं. कॅन्टीनमध्ये. हंगामी.

पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायला आमदार आले. हार-तुरे झाले, भाषण झालं. चहा घेताना त्यांनी बाईला ओळखलं.

"काय वहिनी, लागलं ना काम?"

"लागलं की. हंगामी."

"बघू, पुढच्या हंगामात."

बाईने कपबशी खाली ठेवली. "मला काय बी सांगा भाऊ, मी थांबंन. पन वर्षश्राद्ध आलंय. कावळ्याला काय सांगू?"

संचालकांसकट सगळे हसले. आमदारही हसले, जरा उशिरा. पण ते हसू गेटबाहेर पडलं. मग ते कुठल्याही दशक्रियेला उभे राहिले की मागून हमखास कोणी तरी हळूच 'काव' करायचं. त्यांनी दशक्रियेला जाणं कमी केलं. आमच्याकडे दशक्रियेला न जाणारा आमदार म्हणजे रजेवर गेलेला आमदार. शेवटी त्यांनी संचालकांना फोनवर फोन केले आणि गळीत संपायच्या आत बाई कायम झाली. आमच्यातली बाकी माणसं होती तिथेच राहिली. आम्ही अजून जिवंत होतो, हीच अडचण.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्यानंतर एकदा कुणाच्या तरी कामासाठी कारखान्यावर आले. सोबत कोणी नव्हतं. कॅन्टीनच्या बाकड्यावर बसले. मी शेजारीच होतो.

बाईने त्यांच्यापुढे चहा ठेवला, साखर जरा जास्तच घातली होती.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "हंगाम संपला व्हय?"