कबरस्थानातली हजेरी

लिहिणं मला जड जातं. चौथीपर्यंत शिकलो, तेही उपदेशक मास्तरांनी कान धरून बसवलं म्हणून. पण यंदा ईस्टरच्या टायमाला जे झालं ते गावात चौघं चार तऱ्हेनं सांगून राह्यले आहेत. म्हणून माझं मी लिहून ठेवतो.

मोताळ्यापासून आत, कपाशीच्या वावरांमधे आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी. आमच्या मंडळीत एक रीत आहे, ती मी दुसरीकडे पाहिली नाही. ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्थानात जातो, दोन गाणी म्हणतो, आणि मग वहीतून एकेका मेलेल्या माणसाचं नाव पुकारतो. ज्याच्या घरचं ते माणूस, तो उभा राहून म्हणतो, "हाजर." बस, एवढंच.

ही रीत मास्तरांपासूनची. त्यांच्या शाळेत पटकीच्या साथीनं नऊ लेकरं गेली. साथ ओसरल्यावर ईस्टर आला. मास्तर कबरस्थानात प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून प्रार्थना निघेना. शाळेची हजेरीच निघाली. नऊच्या नऊ नावं. आया उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाजर." मोठे पाळक तेव्हा लई रागावले म्हणतात. पुढल्या साली तेच पाळक येऊन उभे राहिले. मास्तर थकले तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली. तेव्हा माझी मिशी काळी होती.

या हिवाळ्यात माझी बायको गेली. म्हणजे यंदा तिचं नाव पहिल्यांदा पुकारायचं, आणि "हाजर" मी म्हणायचं. तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. तिला माती दिल्यापासून मी ईस्टरची वाट पाहत होतो.

आणि ईस्टरच्या आठ दिवस आधी, झावळ्यांच्या रविवारी, पास्टरनं ते बंद केलं.

पास्टर तरणा आहे, नगरकडचा. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे आला. मोठ्या शाळेत शास्त्र, म्हणजे बायबल, शिकून आलेला, बोलतो गोड. उपासना संपता संपता त्यानं कागद काढला आणि वाचलं की या वर्षी कबरस्थानात फक्त गाणी आणि प्रार्थना, नावं पुकारणं होणार नाही.

मी जागेवरूनच विचारलं, "काऊन?"

"काका, मेलेल्यांना हाका मारणं शास्त्रात नाही. उलट मना आहे. आणि जे शास्त्रात नाही ते मंडळीत नको."

"हाका कोन मारून राह्यलं? आम्ही त्याइले उठवत नाही. ते देवाजवळ हायेत एवढं सांगतो."

"तेही शास्त्रातून सांगता येतं ना."

माझं डोकं तापलं. काल आलेल्या पोरानं मला शास्त्र शिकवावं. मी म्हणालो, "शास्त्र कोनी बांधलं, सांगा. कोनतं पत्र आत ठेवायचं, कोनतं बाहेर, हे कोनी ठरवलं? बांधलेलं पुस्तक वरून पडलं का?"

हे मला मास्तरांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा नुसती तोंडी साक्ष होती. मग येशूच्या शिष्यांची पत्रं लिहिली गेली, गावोगाव वाचली गेली, आणि कोणती खरी हे वाचणाऱ्या मंडळ्यांनीच पुढे ठरवलं. आमच्या घरातही तसंच झालं. माझ्या आज्यानं विश्वास धरला तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं. पुस्तक आमच्या घरात दोन पिढ्यांनी आलं.

"पहाटे बाया येशूच्या कबरीवर गेल्या होत्या," मी म्हणालो, "त्या काय पुस्तक वाचून गेल्या होत्या? त्या गेल्या म्हणून पुस्तक झालं."

मागून कोणीतरी हसलं. पास्टरचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण तो खाली बसला नाही. म्हणाला, "मग रीत म्हणून जे चालत आलं ते सगळं खरं?"

"हो."

"मग बाप्तिस्मा न झालेलं लेकरू तुमच्या हजेरीत का नाही, काका?"

सगळी मंडळी माझ्याकडे वळली.

सांगतो. आमचं पहिलं लेकरू, पोरगी, अकरा दिवसांची होऊन गेली. नाल्याला पूर होता, पाळक पोचला नाही, बाप्तिस्मा राहिला. तिचं नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवायचं होतं, तेही राहिलं. दरसाल ईस्टर आला की बायको म्हणायची, "अजी, यंदा पोरीलेबी पुकारा ना." मी म्हणायचो, "बाप्तिस्मा नाही तं हजेरी नाही. रीत आहे." काही वर्षांनी तिनं म्हणणं सोडलं. मी समजलो, पटलं तिला.

पास्टरला हे तिनंच सांगितलं असणार. ती खाटेवर होती तेव्हा तो दर बुधवारी प्रार्थनेला यायचा आणि मी गोठ्यात जाऊन बसायचो. माझ्या घरातली गोष्ट माझ्या मागे परक्याला सांगितली, आणि त्यानं ती भर देवळात काढली. मी काठी उचलली आणि बाहेर पडलो. "शास्त्रात नाही म्हणता, मग देवळातला पंखा कोनत्या अध्यायात आहे?" हे मला घरी पोचल्यावर सुचलं. त्याचाही राग आला.

चार दिवस मी कोणाशी बोललो नाही. बायकोच्या कबरीला गिलावा करायला मिस्त्री लावला होता, तेवढा पाहायला गेलो. मिस्त्री मुसलमान, माझ्याच वयाचा, मास्तरांच्या शाळेत माझ्याच पाटीवर रेघा ओढणारा.

"काय बे बुढ्या," तो थापी न थांबवता म्हणाला, "पास्टरनं तुले रिटायर केलं म्हणे?"

"गप काम कर."

"मले वाटे, नमाजात हात कुठं बांधाचे याच्यावर आमचेच लोक भांडतात. तुमच्यातबी हाय का हे?" मग सिमेंट ओढत म्हणाला, "हजेरी बंद झाली तं आमच्या चाच्याचं काय?"

"तुह्या चाच्याचं काय?"

"तुह्या वहीत हाय ना बे तो. पटकीत मेला. पहिल्या साली माही दादी इथंच उभी राहून 'हाजर' म्हनली. मरेपर्यंत सांगे, किरिस्ताव लोक दरसाल माह्या पोराचं नाव घेतात."

मी घरी येऊन वही काढली. पहिलं पान, नऊ नावं. चाळीस वर्षं मी ती पाढ्यासारखी म्हटली. त्यांना "हाजर" म्हणायला आता कोणाच्या घरचं माणूस येत नाही, म्हणून सगळी मंडळी मिळून म्हणते. त्या दिवशी मी एकेक नाव बोट ठेवून वाचलं. तीन मुसलमानांची. दोन पाटलाच्या गल्लीतली, हिंदू. बाप्तिस्मा झालेली चार.

दुसऱ्या पानापासून मास्तरांनी नावं बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातून उतरवली, कारण ते रजिस्टर त्यांच्याच टेबलावर असायचं. मेहनत वाचली, एवढंच. बाप्तिस्मा नसलेल्याला घेऊ नका असं मास्तर कधी बोलले नाहीत. मी आठवून आठवून पाहिलं. ते मीच बोललो होतो, माझ्याच बायकोला, साल दर साल, आणि देवाचा कायदा असल्यासारखं.

पास्टर बरोबर होता असं मी म्हणणार नाही. त्याला रीतच मोडायची होती. पण रीत मीही मोडली होती, तिची राखण करता करता. मास्तरांनी जी रुंद ठेवली होती ती मी अरुंद केली आणि म्हणालो, पहिल्यापासून अशीच आहे.

ईस्टरच्या पहाटे सगळे आले. पास्टरही आला. दोन गाणी झाली, त्यानं प्रार्थना केली आणि आमेन म्हणून पुस्तक मिटलं. मी वही उघडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

नऊ नावं पुकारली. "हाजर" मोठ्यानं आलं, दरसालपेक्षा मोठ्यानं. फाटकाजवळ मिस्त्री उभा होता, त्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. मग बाकीची पानं. शेवटच्या पानावर बायको. तिचं नाव मीच पुकारलं आणि मीच म्हणालो, "हाजर."

वही मिटायची वेळ झाली. लोक चपला शोधायला लागले.

मी म्हणालो, "थांबा. एक राह्यलं."

आणि तिथं अडकलो. पोरीला नाव नव्हतं. म्हणजे मी ठेवलं नव्हतं. बायकोनं मनात ठेवलं असणार, इतकं मला आता कळत होतं. मला तिनं ते सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. आणि ते माहीत असेल असं माणूस त्या कबरस्थानात एकच उभं होतं.

एवढं कठीण मला आयुष्यात काही गेलं नाही. मी पास्टरकडे वळलो. "तिनं तुमाले पोरीचं नाव सांगतलं होतं का?"

त्यानं मिटलेलं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. शास्त्र आठवत असेल. लोक त्याच्याकडे पाहत होते, मीही पाहत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा राग येत होता.

मग त्यानं ते नाव घेतलं. हळू नाही, पुकारावं तसं घेतलं.

"हाजर," मी म्हणालो.

वहीत ते मी अजून लिहिलेलं नाही. माझं अक्षर वाकडंतिकडं. पास्टरचं अक्षर चांगलं आहे, पण त्याला सांगायचं म्हणजे पुन्हा मलाच जावं लागेल.