लफेव्र, मुक्काम रेवस

एका माणसाचं आडनाव मी खोडलं. त्याला न विचारता, आणि वर उपकार केल्याच्या थाटात.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. मी रेवसच्या शाळेत मास्तर होतो. आमच्याकडे गावाला ‘कर’ जोडला की आडनाव होतं. चौलचा तो चौलकर, मग तो हिंदू असो की ज्यू.

मुंबईच्या लाँचवर इंजिन सांभाळणारे एक ख्रिस्ती मिस्त्री गावात राहत. आडनाव लफेव्र. त्यांचे पणजोबा फ्रेंच जहाजावरून या किनाऱ्याला उतरले आणि इथलेच झाले. लफेव्र म्हणजे लोहार, असं पाद्रीबाबांनी मिस्त्रींना सांगितलं होतं. फ्रान्समध्ये या आडनावाचा एक मोठा सेनापती झाला, एक चित्रकार झाला, एकाने तर शेतकऱ्यांचा इतिहास लिहिला. हे सगळं मिस्त्री उतारूंना ऐकवत.

“सेनापती, तोफा राहू द्या, आधी इंजिन चालू करा!” लोक म्हणत. त्यांत मीही असे.

“हसा. ओहोटीच्या आत धक्क्याला लावतो कोन? ह्योच लोहार!”

मुलीला शाळेत घालायला ते आले, तेव्हा मी तिच्या नावापुढचं लफेव्र खोडून ‘रेवसकर’ लिहिलं.

“गुरुजी, हे आमचं न्हाय.”

“गाव तुमचं नाही का?”

“गाव आमचंच हाय. पन आडनाव बापाचं हाय.”

“साहेब गेले, मिस्त्री. आता त्यांची नावं कशाला?”

वर्गातली पोरं हसली. मिस्त्री मुलीला वर्गात बसवून निघून गेले.

मुलगी हुशार निघाली. फायनल पास झाल्यावर तिला मुंबईत नर्सिंग शिकायचं होतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर लफेव्र, शाळेच्या दाखल्यावर रेवसकर. दोन्ही दाखले एकाच मुलीचे कशावरून, म्हणून तिला परत पाठवलं. दुरुस्ती होईपर्यंत प्रवेश संपले.

मिस्त्री भांडायला आले नाहीत. दुरुस्तीच्या अर्जावर माझी सही घेतली, इतकंच. लाँचवर सेनापतीचं नाव काढणं मात्र त्यांनी सोडलं. कुणी छेडलं तरी ते तेलाचा डबा घेऊन खाली उतरत. ते मला बघवेना.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. ती निघाली त्या सकाळी मी धक्क्यावर गेलो. लाँच भरली होती. चेष्टा चारचौघांत केली होती, माफी एकांतात मागून चालणार नव्हतं.

“लफेव्र मिस्त्री,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “तुमचं नाव बदलायचा मला हक्क नव्हता. पोरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. तुमची आणि तिची, दोघांची मी माफी मागतो.”