वैमानिकाचं सोनेरी कार्ड

मेकॅनिकबाईने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते विमानतळावर, आणि खरं सांगायचं तर त्याच्याआधी त्याची बॅग आली. बॅगेच्या मुठीला इतकी लेबलं लटकत होती की बॅगेला पिसं फुटलीत आणि आता ती एकटीच उडणार, असं वाटावं. मागून तो. धावपट्टी वडिलोपार्जित, विमानं घरच्या गोठ्यातली आणि रांगेतली माणसं न विचारता आलेले पाहुणे, अशा थाटात तो चालत होता. तपासणीच्या शिपायाला त्याने "काय, बरं चाललंय ना?" असं मोठेपणाने विचारलं. शिपायाने त्याला बूट काढायला लावले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता, आणि त्या अंगठ्याच्याही अंगात तोच रुबाब होता.

हा मनुष्य विमान चालवत नसे. इस्पितळांना रक्त तपासायची यंत्रं विकणं हे त्याचं काम, आणि विकलेली यंत्रं बिघडली की दुरुस्त करणं हे बाईचं. तिचं काम कधी संपत नसे, यावरून त्याच्या मालाची कल्पना यावी. ऑफिसात सगळे त्याला वैमानिक म्हणत. ही थट्टा आहे हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं.

बाईला दर आठवड्याला एका लांबच्या गावी जावं लागे. पंख्यांचं एक छोटं विमान पहाटे न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. तिचा नवरा बेकरीत रात्रपाळीला. ती आठच्या आत घरी पोचली की पोरगी दारातच या हातातून त्या हातात जाई. नवरा बुटात पाय घालता घालता सांगे, "जेवलीय, पण दात घासलेले नाहीत." तिची नोकरी त्या एका विमानाच्या भरवशावर चालली होती.

मग मॅनेजरच्या मनात आलं की फिरतीवरच्या चौघांनीही एकाच विमान कंपनीच्या पॉइंटांच्या योजनेचं सभासद व्हावं आणि तिच्याच विमानांनी फिरावं. कुठल्या, याचा अभ्यास त्याने वैमानिकावर सोपवला. वैमानिकाने तो असा मनावर घेतला की यंत्रं विकणं महिनाभर बंदच पडलं. ग्राहकांच्या ते लक्षातही आलं नाही.

मीटिंगमध्ये त्याने पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवली.

"छोट्या कंपनीत काय मिळतं? दहा वेळा गेलात की अकरावं तिकीट फुकट. बस्स! ही काय लाँड्री आहे?"

"पण ते विमान थेट जातं ना," बाई म्हणाली.

"ते विमान नाही हो ताई, उडता मिक्सर आहे तो. आता मोठ्या कंपनीचं बघा. आधी निळं कार्ड, मग चंदेरी, मग सोनेरी. सोनेरीवाल्याला विमानतळावर लाउंज, मऊ खुर्च्या आणि फुकट खाणं!"

"आपण जातो त्या गावात लाउंज आहे?"

"सध्या नाही."

"मग इथे?"

"इथेही नाही. पण प्रश्न लाउंजचा नाही, इभ्रतीचा आहे."

"आणि त्यांचं विमान वळसा घालून जातं, त्याचं काय? मधे उतरून दुसरं पकडायचं. मी घरी पोचणार कधी?"

"अहो, दोन विमानं म्हणजे दुप्पट पॉइंट! लोक यासाठी मुद्दाम वळसे घेतात."

असे लोक असतात हे बाईला पटलं. त्यांच्यातलाच एक समोर उभा होता. मॅनेजरला मात्र रंगीत वर्तुळं फार आवडत. त्याने मान डोलावली, आणि चौघांची नावं मोठ्या कंपनीच्या योजनेत गेली.

पुढच्याच फेरीला दोघं बरोबर होते. परतीच्या वाटेवर, मधल्या विमानतळावर, पुढचं विमान लांबलं. वैमानिक तिला लाउंजच्या दारापर्यंत घेऊन गेला. तिथल्या मुलीने कार्ड पाहून सांगितलं, एकालाच आत जाता येईल.

"बघा ताई, नियम म्हणजे नियम," असं म्हणून तो आत गेला. जाताना त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही, एवढी त्याची नियमांवर निष्ठा.

बाई खांबाशी जमिनीवर बसली, कारण मोबाइल चार्ज करायची सोय तिथेच होती. तिने नवऱ्याला फोन लावला.

"पोरगी कुठेय?"

"माझ्याबरोबर बेकरीत. पिठाच्या पोत्यांवर झोपलीय."

"भट्टीजवळ?"

"लांब आहे गं. पण मालकाने पाहिलंय. म्हणाला, आज चालेल, उद्या नाही."

बाईने फोन ठेवला तेव्हा वैमानिक बाहेर येत होता. पोट भरलेलं, तोंडावर सात्त्विक भाव, हातात कागदी रुमालात गुंडाळलेली दोन बिस्किटं.

"घ्या, खास तुमच्यासाठी आणलीत. खरं म्हणजे तुमचे आभारच मानायला हवेत. तुम्हा तिघांना सभासद केलं आणि मी चंदेरीचा सोनेरी झालो."

"म्हणजे?"

"माणूस आणला की आणणाऱ्याला पॉइंट! अभ्यासात सापडलं मला ते."

"हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?"

"अहो, वर्तुळात बसत नव्हतं," तो म्हणाला, अगदी मनापासून. लबाडी करायलाही थोडी अक्कल लागते. त्याची सगळी तिकिटांत खर्च झालेली होती.

बाईने बिस्किटं तशीच शेजारच्या बाकावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली. "मला छोट्या विमानाने जाऊ द्या. तिकीटही स्वस्त पडतं."

"वर्षभराचं ठरलंय बाई. एकाला सूट दिली की सगळे मागतील. पोरीकडे घरचं कोणीतरी बघेलच की!"

"कोण? तुम्ही बघता?"

मॅनेजर हसला. बाई हसली नाही.

महिनाअखेरीस तिने फिरती सोडली आणि वर्कशॉपमध्ये कमी पगारावर टेबल घेतलं. तिच्या जागी आलेल्या मेकॅनिकला वैमानिकाने पहिल्याच दिवशी योजनेचं सभासद केलं, आणि त्याला आणल्याचे पॉइंटही स्वतःच्या कार्डावर घेतले.