हृषीकेशला जाणारा संन्यासी आणि गल्लीतले गडू

मित्रांनो, पान वाचून पुढच्याकडे द्या.

आज सकाळी मी गल्लीत जाहीर केलं, "कॉलेज सोडलं, आता घरही सोडतो. हृषीकेशला जाणार, तिथून पायी बद्रीनाथ, मग संन्यास!" समोरच्या सुमनला ऐकू जावं म्हणून जरा ओरडूनच बोललो. ती रडून अडवेल, असं वाटलं होतं.

दुपारपर्यंत दारात सात बायका आल्या, गंगाजलासाठी रिकामे गडू घेऊन. आई म्हणाली, "यात्रेवरनं आलास की मावंद्याचं जेवण घालावं लागंल की!"

"अगं, संन्यासी परत येतो व्हय?" मी भडकलो.

शेवटी सुमन आली. तिच्याही हातात गडू!

"पोस्टानं धाडू नका हं," ती म्हणाली. "स्वतः आणून द्या."

आता तुम्हीच सांगा, संन्याशानं परतीचं तिकीट काढलं तर लोक हसतील का?