निळ्या पाण्याची बाटली

कुत्री येऊ नयेत म्हणून मुकुंदवाडीत एका दारापुढे निळ्या पाण्याची बाटली ठेवलेली आज दिसली आणि चिकलठाण्यातले आमचे शेजारी काका आठवले.

त्यांच्या ओट्यावरही तशीच बाटली असायची. गल्लीतली कुत्री चंपी मात्र तिलाच टेकून झोपायची. लहानपणी एका दुपारी मी आईबरोबर त्या ओट्यापाशी उभी होते; आतून काकांच्या चपला वाजल्या, तशी ती शेपूट पोटाशी घेऊन माझ्या पायामागे येऊन थरथरू लागली.

"निळ्या पाण्याला कुत्रं लई घाबरतं बघा वहिनी," काका आईला म्हणाले आणि माझा गाल धरायला वाकले. मी मागे सरकले.

"लाजते हो ती," आई हसली.

मी लाजले नव्हते. अजूनही कुणाकडे गेले, की आधी तिथलं कुत्रं कुठं बसलंय ते बघते.