दोन लाल धाग्यांचा तुकडा

माझ्या थोरल्या भावाकडे पत्त्याएवढं एक कार्ड आहे. त्यावर त्याच्या तरुणपणीच्या एका मोठ्या फलंदाजाचा फोटो, फोटोखाली नखाएवढी चौकोनी खिडकी आणि खिडकीत पांढऱ्या कापडाचा तुकडा. तो तुकडा म्हणे त्या फलंदाजानं अंगात घातलेल्या शर्टाचा. म्हणणारा कोण, तर कार्ड विकणारा. मेथी ताजी आहे असं भाजीवाला सांगतो तेव्हा हाच माझा भाऊ जुडी सोडून पानं बघतो. इथं मात्र त्यानं नुसती मान डोलावली.

कार्डाच्या मागं मुंगीच्या पायासारख्या इंग्रजी अक्षरांत मजकूर आहे. मी भिंग लावून वाचला. तुकडा अस्सल असल्याची हमी आहे, मात्र त्याचा कुठल्याही ठरावीक सामन्याशी, मालिकेशी किंवा वर्षाशी संबंध नाही. मग संबंध आहे तरी कशाशी? मी दादाला विचारलं.

"तुले नाही समजणार वं," तो म्हणाला. "सगळ्याच कार्डावर असंच लिहून राहते."

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. सगळेच कॉपी करत होते हो बाई, असं सांगणारी पोरं मी खूप पाहिली. ती निदान मान खाली घालून सांगायची.

दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला गाडी चालवायची मनाई आहे. त्यामुळे रविवारी सकाळी प्रतापनगरहून रामदासपेठेत त्याला स्कूटरवर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तिथं एका डॉक्टरांच्या फ्लॅटमध्ये कार्डवाल्यांची बैठक भरते. सगळे साठीच्या आसपासचे, पेन्शनवाले, सुनांना आणि नातवंडांना धाक असणारे. तर्रीपोहे झाले की हात साबणानं धुवायचे, पांढरे हातमोजे चढवायचे आणि मग कार्डं बाहेर काढायची, अशी तिथली रीत. कार्डं जाड प्लास्टिकच्या पेट्यांत सीलबंद असतात, तरी मोजे हवेतच. देवाला सोवळ्याशिवाय शिवणारी ही माणसं कार्डाला मात्र मोज्याशिवाय शिवत नाहीत.

एकदा एकाच फलंदाजाची तीन कार्डं टेबलावर शेजारी शेजारी आली. एकातलं कापड दुधासारखं, दुसऱ्यातलं पिवळट, तिसऱ्यातलं तर चक्क जाळीचं, हल्ली पोरं जिमला घालतात तसलं. ज्या काळात तो खेळला त्या काळात असली जाळी फक्त मच्छरदाणीला असायची. मी तसं म्हटलं. मग एक जण म्हणाला, उजेडाचा फरक असेल. दुसरा म्हणाला, धुण्यात फरक पडतो. डॉक्टर म्हणाले, "ताई, शंका काढत बसलं तर मग छंदच नको." त्यावर सगळ्यांनी समाधानानं चहा घेतला. अशा लोकांकडून आपण औषध लिहून घेतो, या विचारानं मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यांच्यात एक उतरंड आहे. नुसता पांढरा तुकडा म्हणजे साधा. त्यात रंगीत धागा आला की तुकड्याचा भाव चढतो, कारण रंग म्हणजे छातीवरच्या बिल्ल्याचा किंवा काठाचा भाग, असं ते धरून चालतात. रंगीत तुकडा ज्याच्याकडे असेल तो बैठकीत खुर्चीवर बसतो, बाकीचे सोफ्यावर दाटीवाटीनं.

आता दादाच्या शर्टाचं सांगते, कारण माझा जीव त्यात अडकला होता. आमचे बाबा हातमागावर विणायचे. साड्या विणायचे, आणि साडी मागावरून उतरली की व्यापाऱ्याकडे जायची. जन्मभर विणलं त्यातलं घरात काही उरलं नाही. आमच्या आईनंही गिरणीचं लुगडं नेसून दिवस काढले. दादा कॉलेजच्या टीममध्ये फास्ट बॉलर म्हणून निवडला गेला तेव्हा बाबांनी एकदाच घरासाठी माग लावला आणि त्याच्या शर्टाचं पांढरं सुती कापड विणलं. घरचं कापड चुकून व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून काठाशी दोन लाल धागे घातले, मधे एक पांढरा सोडून. ही त्यांची स्वतःची खूण. शिंप्यानं तो काठ कापला नाही, शर्टाच्या खालच्या घेरात तसाच ठेवला. पुढं माग विकला, बाबा गेले, आणि त्यांच्या हातचं म्हणावं असं जगात एवढंच राहिलं.

बाबांच्या श्राद्धाला मी दादाकडे शर्ट मागितला. फोटोजवळ ठेवावा म्हणून. दादा कपाटाशी उगाच खाटखूट करत राहिला.

"काहून, सापडत नाही का?" मी विचारलं.

"कार्डाच्या दुकानवाल्याले दिला," तो कपाटात तोंड घालून म्हणाला. "त्याले काचेत सजवाले जुना शर्ट पाहिजे होता. त्याच्या बदल्यात मले त्या बॅट्समनचं कार्ड देल्लं."

मला इतका संताप आला की हातातली उदबत्ती मोडली. बापानं विणलेला, स्वतः घालून मैदानात धावलेला शर्ट देऊन या माणसानं काय आणलं, तर कुणाच्या तरी शर्टाचा नखाएवढा संशय. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस हा! मी त्याच्याशी बोलणं टाकलं. रविवारी न्यायचं तेवढं नेत होते, पण तोंड शिवून.

अशाच एका रविवारी डॉक्टरांनी नवं कार्ड काढलं. त्याच दुकानातून आलेलं, त्याच फलंदाजाचं. सगळ्यांनी माना पुढं घातल्या. तुकडा रंगीत होता. कुणी म्हणालं बिल्ल्याची कड, कुणी म्हणालं संघाचा खास शिवणधागा. डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसत होते. दादाला अजून बारीक नीट दिसत नाही. त्यानं मला खुणावलं, म्हणून मी वाकून पाहिलं.

दोन लाल धागे. मधे एक पांढरा.

मी दादाच्या कानाशी बोलले. त्यानं माझं भिंग घेतलं आणि बराच वेळ कार्डावर धरून बसला. मला वाटलं, आता हा गप्प बसेल. कारण हा तुकडा आमचा म्हणायचा तर दुकान खोटं, दुकान खोटं तर त्याचं स्वतःचं कार्ड खोटं, आणि टेबलावरचं निम्मं वैभव खोटं. पण दादा उभा राहिला.

"डॉक्टरसाहेब, हे कापड माह्या बापानं विणलं आहे," तो म्हणाला. "हा शर्ट घालून मी बॉलिंग केली आहे."

आधी सगळे हसले. मग दादाचा चेहरा पाहून हसायचे थांबले. दादानं आपली पिशवी टेबलावर उपडी केली. एवढ्या वर्षांत जमवलेली सगळी कार्डं.

"हे सारे घ्या. मले तेवढं एक द्या."

डॉक्टरांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग हातातल्या कार्डाकडे. त्यांच्या डोळ्यांत लकाकी आली. ज्या कार्डासाठी माणूस आपलं सगळं द्यायला तयार होतो ते अस्सलच असणार, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला. त्यांनी कार्ड खिशात घातलं, वरून खिसा थोपटला आणि म्हणाले, "बाप विणकर होता हे सांगून कार्ड काढून घेता होय? तुम्ही तर भारीच निघाले."

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी पुन्हा चहा सांगितला.

दादाला मी तिथूनच दुकानात नेलं. दुकानदार तिशीचा, गोड बोलणारा. शर्ट धुवायला दिला आहे, असं त्यानं आधी सांगितलं. मी लाल धाग्यांचं सांगितल्यावर त्यानं दारात कुणी नाही ना हे पाहिलं, आणि लाजबिज काही न वाटता म्हणाला, "काकू, सारेच करतात. सुती पांढरं जुनं कापड आजकाल भेटते कुठं?"

"उरलेलं दे," मी म्हटलं.

"उरलं नाही काही. पाठ, पोट, बाह्या, सगळं कामात आलं."

"कॉलर?" दादानं विचारलं. "काखेकडचा भाग?"

"ते फेकलं. पिवळे डाग पडून होते त्याच्यावर घामाचे. असा तुकडा कोण घेते?"

दादा काउंटरला धरून उभा होता. "तो माहा घाम होता गा," तो म्हणाला. "मॅचमधला."

"तेच तर सांगून राहिलो ना, काका," दुकानदार म्हणाला. "तुमचा होता."